रिकाम्या पेशी

कोरी यायला हवी होती ती स्लाइड तपकिरी झाली होती.

प्रणिता मगदूमने ती मायक्रोस्कोपखालून काढली, लेबल वाचलं, परत लावली. सोमवारपासूनची ही तिसरी. पहिल्या वेळी तिला वाटलं, आपल्याच हातून काहीतरी गडबड झाली. दुसऱ्या वेळी तिने सगळी रसायनं नवी उघडली. आता बुधवार होता, सकाळचे अकरा वाजले होते, आणि चुकण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मिरजेच्या कृष्णाकाठ कर्करोग संशोधन संस्थेत ती एकवीस वर्षं तंत्रज्ञ होती. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे तुकडे राज्यभरातून मेणाच्या वड्यांत बंद होऊन तिच्या टेबलावर येत. त्यांच्या पातळ चकत्या करायच्या, रंगवायच्या आणि पेशींवर ओरिन नावाचं प्रथिन आहे की नाही ते बघायचं, एवढंच तिचं काम.

ओरिन निरोगी पेशीवर नावालाच असतं. काही गाठींत मात्र ते पेशीच्या अंगभर उगवतं आणि तिला वाढत राहायला भाग पाडतं. ते नुसतं दिसत नाही, म्हणून प्रतिपिंड वापरतात. शरीर जंतूंशी लढताना जी प्रतिपिंडं बनवतं, त्यांचा गुण असा की एक प्रतिपिंड एकाच आकाराला चिकटतं, बाकीच्या हजारो प्रथिनांकडे ढुंकूनही बघत नाही. ओरिनला चिकटणारं प्रतिपिंड संस्थेच्या संचालक डॉ. वासंती केळुसकर यांनी पंधरा वर्षांपूर्वी उंदराच्या पेशींतून मिळवलं होतं. त्याचं नाव ७सी४. ते जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उठवायचा, म्हणजे तिथे ओरिन आहे असं समजायचं.

सुरुवातीला ही सगळी संशोधनाची बाब होती. २०३२ साली ओरिनवर औषध निघालं. ते पाठीवर विष घेऊन रक्तातून फिरायचं, ओरिन असलेली पेशी शोधायचं आणि विष तिच्या पोटात सोडायचं. ज्याच्या गाठीवर ओरिन नाही, त्याला ते देण्यात काही अर्थ नव्हता. विष तेवढं अंगभर सांडायचं. म्हणून राज्याच्या आरोग्य योजनेने नियम केला. स्लाइड मिरजेत ७सी४ने रंगवायची, स्कॅनरने आकडा काढायचा. आकडा साठच्या वर गेला की जिल्ह्याच्या रुग्णालयात औषधाची निळी बाटली आपोआप मंजूर. साठच्या खाली, नामंजूर. मध्ये कुठल्याच डॉक्टरची सही नव्हती. लोकांना त्याचं कौतुकच वाटलं. वशिला नाही, चिठ्ठी नाही, खेटे नाहीत.

यंदा, २०३७ साली, प्रयोगशाळांसाठी नवी अट आली होती. ज्या पेशींतून ओरिनचं जनुकच कापून टाकलंय, अशा पेशींवर आपलं प्रतिपिंड तपासून दाखवा. त्या पेशी ओरिन बनवूच शकत नाहीत, म्हणून त्यांना रिकाम्या पेशी म्हणत. त्यांच्यावर ७सी४ टाकलं तर स्लाइड कोरी यायला हवी.

ती तपकिरी आली होती. म्हणजे ७सी४ भलत्याच कशाला तरी चिकटत होतं.

पेशींच्याच अदलाबदलीची शंका नको म्हणून प्रणिताने पुण्याच्या पुरवठादाराला फोन लावला.

"मॅडम, पेशी अगदी चोख आहेत," तो माणूस म्हणाला. "तुमच्या संस्थेनं याच पेशी आधीही नेल्यात. थांबा, बघतो. हां, २०३४ साली. तेव्हा तर काही तक्रार आली नव्हती."

"कुणी मागवल्या होत्या?"

"डॉक्टर केळुसकर."

प्रणिताने फोन ठेवला. तीन स्लाइड ट्रेमध्ये घेतल्या आणि जिना चढून ती सरळ मॅडमच्या खोलीत गेली.

केळुसकर मॅडम त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. कसबे डिग्रज गावाहून आलेल्या, स्लाइडही नीट धरता न येणाऱ्या प्रणिताला त्यांनीच शेजारी बसवून शिकवलं होतं. तिच्या लग्नाचं फिसकटलं तेव्हा महिनाभर स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. आईनंतर प्रणिता कुणाचा शब्द मानत असेल तर तो मॅडमचा.

मॅडमनी ट्रेकडे एकदा पाहिलं आणि चष्मा काढला. स्लाइड उचलूनही बघितल्या नाहीत.

"तुम्हाला माहीत होतं," प्रणिता म्हणाली.

"बस आधी."

"उभीच बरी आहे."

मॅडमनी सांगायला सुरुवात केली, आणि अजिबात लपवलं नाही. ७सी४ बनवणाऱ्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या असत. २०३१ च्या उन्हाळ्यात टाकी गळाली आणि बहुतेक कुप्या गेल्या. एक जुनी कुपी वाचली. ती वितळवून त्यांनी पेशी पुन्हा वाढवल्या. त्या कुपीत दोन जातींच्या पेशी मिसळल्या आहेत हे तेव्हा कळलं नाही. दुसरी जात भराभर वाढणारी निघाली आणि काही महिन्यांत तिने मूळ पेशींना संपवलं. बाटलीवर नाव ७सी४च राहिलं, आतलं प्रतिपिंड बदललं. ते ओरिनसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाला चिकटत होतं. जिथे सूज असते तिथे ते प्रथिन वाढतं.

"गाठीभोवती सूज असतेच ना पुष्कळांना," मॅडम म्हणाल्या. "त्यामुळे शंभरातल्या साठ जणांचा निकाल तरीही बरोबर येतो. मी हिशोब केलाय."

"डोळे मिटून हो-नाही लिहिलं असतं तरी पन्नास जणांचा आला असता, मॅडम."

"चाचणी थांबवली असती तर योजनेनं औषधच थांबवलं असतं. सगळ्यांचं. ज्यांना खरंच लागू पडत होतं त्यांचंसुद्धा. तू त्याचा विचार कर. मी दुसरं प्रतिपिंड करायला घेतलं होतं, प्रणिता. वाटलं, वर्षभरात होईल. गुपचूप बदलून टाकू, कुणाला काही कळायच्या आत."

"तीन वर्षं झाली."

"झाली."

"तीन वर्षं मी खाली बसून रोजच्या रोज सत्तर अहवालांवर सही करतेय. तुम्ही रोज दारात येऊन विचारता, चहा घेतलास का."

मॅडमनी चष्मा परत लावला.

"अण्णाची स्लाइड मी रंगवली होती," प्रणिता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "याच हातांनी."

"भरतेश जिवंत आहे ना," मॅडम म्हणाल्या. "ते तरी बघ."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते प्रणिताला त्या क्षणी कळलं. आणखी एक शब्द बोललो तर हातातला ट्रे आपण त्या टेबलावर आपटू, हेही कळलं. ती ट्रे घेऊन खाली आली.

अण्णा म्हणजे भरतेश, तिचा थोरला भाऊ. तिसऱ्या वर्षी गोवर झाला आणि त्यात दोन्ही डोळे गेले. तरी शिकला, ब्रेलमधून दोन पदव्या घेतल्या आणि सांगलीच्या अंधशाळेत बावीस वर्षं मराठी शिकवलं. वर्गात तो पुस्तकाचं पान मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी वाचायचा. डावा हात ओळ संपवत असतानाच उजवा पुढची ओळ धरायचा. डोळस माणसं बघत राहायची.

२०३४ च्या मार्चमध्ये त्याच्या गालाच्या आत गाठ निघाली. जन्मात तंबाखूला हात न लावलेला माणूस. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया करून ती काढली, तुकडा बहिणीच्या टेबलावर आला. आकडा चौऱ्याहत्तर. औषध मिळणार म्हणून प्रणिताने त्या दिवशी विभागात पेढे वाटले होते. दर तीन आठवड्यांनी एक, अशा बारा निळ्या बाटल्या त्याच्या शिरेतून गेल्या. त्या विषाने नसा जातात, आधी हातापायांच्या टोकांच्या. बहुतेकांच्या पुढे सुधारतात. भरतेशच्या सुधारल्या नाहीत. त्याची बोटं हलत, धरत, पण त्यांना काही कळत नसे. ब्रेलचं पान त्याला कोऱ्या कागदासारखं लागायचं. डोळे गेलेल्या माणसाची बोटंही गेली.

त्याने ते पचवलं होतं. "जीव वाचला, बोटं गेली, एवढंच," असं तो भेटायला येणाऱ्यांना सांगायचा. शाळेने त्याला कार्यालयात फोन घ्यायला बसवलं होतं. त्यालाही तो हो म्हणाला होता.

प्रणिताने घाई केली नाही. ओरिनचं दुसरं, वेगळ्या ठिकाणी तयार झालेलं प्रतिपिंड तिने पुण्याहून मागवलं. आधी ते रिकाम्या पेशींवर टाकलं: स्लाइड कोरी. मग भरपूर ओरिन असलेल्या पेशींवर: गडद तपकिरी. प्रतिपिंड भरवशाचं होतं. मग तिने गोदामातून मगदूम, भरतेश आदगोंडा अशी चिठ्ठी असलेली मेणाची वडी काढली आणि तिची चकती कापली.

आकडा आला तीन.

रविवारी दुपारी ती सांगलीला त्याच्या घरी गेली. वहिनीने, सुजाताने, भाकरी आणि आमटी वाढली होती. दोन घास खाऊन प्रणिताने सगळं सांगितलं. मधेच थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

भरतेशचा हात ताटात थांबला.

"म्हणजे त्या बाटल्या मला लागतच नव्हत्या."

"नव्हत्या, अण्णा."

"मग गाठ?"

"ती शस्त्रक्रियेतच गेली होती. पूर्ण."

सुजाताने पदर तोंडाशी नेला आणि ती आत निघून गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज आला, मग आणखी एक.

"तुला कधी कळलं?" भरतेशने विचारलं.

"मागल्या बुधवारच्या आधीच्या... अकरा दिवस झाले. मला आधी खात्री करायची होती."

"ती खात्री करायला किती दिवस लागले?"

"सात."

"मग चार दिवस काय केलंस?"

शुक्रवारी संध्याकाळी ती याच घरी येऊन याच पाटावर बसून जेवून गेली होती, शाळेतल्या गमती ऐकून हसली होती.

"या अकरा दिवसांत आणखी किती जणांचे कागद गेले मिरजेहून?"

"रोजचे सत्तर."

"तुझ्या सहीनं?"

"हो."

भरतेशने ताट पुढे सरकवलं. तो भावंडांत शांत म्हणून ओळखला जायचा. त्याचा चढलेला आवाज प्रणिताने कधी ऐकला नव्हता, आणि आताही तो चढला नाही.

"मग तू आणि तुझ्या मॅडम, दोघींत मला फरक दिसत नाही. त्यांची तीन वर्षं, तुझे अकरा दिवस. जा. उद्या सोमवार आहे. सत्तर माणसं यायची असतील."

ती अर्ध्या ताटावरून उठून निघाली. रिक्षात बसल्यावर तिला भावाचा राग आला, मग मॅडमचा, मग स्वतःचा, आणि मिरज गाठेपर्यंत तो सगळा राग एका जागी येऊन घट्ट बसला.

प्रत्येक अहवालाच्या तळाला एक रकाना होता: 'तंत्रज्ञाचा शेरा'. पाच वर्षांत तो कुणी भरला नव्हता. सोमवारी सकाळी प्रणिताने पहिल्याच अहवालात लिहिलं:

'या चाचणीतलं प्रतिपिंड ओरिनला चिकटत नाही. या आकड्यावरून औषध देऊ नका आणि नाकारूही नका. जुने निकालही पुन्हा तपासून घ्या. प्रणिता मगदूम, तंत्रज्ञ.' खाली स्वतःचा फोन नंबर.

तिने सगळ्या सत्तर अहवालांवर तेच लिहिलं. मंगळवारी पुन्हा सत्तर. बुधवारी अडुसष्ट. मंजुरी देणारं यंत्र शेरे वाचत नसे, ते फक्त आकडा बघायचं. पण छापलेला कागद शेवटी कुणा ना कुणा माणसाच्या हातात पडायचा. मंगळवारी दुपारपासून तिचा फोन वाजायला लागला. नांदेडचा एक डॉक्टर आधी तिच्यावर खेकसला आणि सगळं ऐकून घेतल्यावर आपल्या रुग्णांची नावं सांगायला लागला. हिंगोलीहून एका बाईचा फोन आला. रुग्णालयातल्या ओळखीच्या परिचारिकेने तिला नंबर दिला होता.

"आमच्या मालकांचा आकडा बावन्न आला होता," ती म्हणाली. "पस्तीस साली. औषध नाही म्हणाले. आठ आकडे कमी पडले म्हणून मी देवाला दोष दिला. आता तुम्ही म्हणताय, तो आकडाच त्यांचा नव्हता?"

"नव्हता, ताई. वडी अजून आमच्याकडे असेल. मी पुन्हा तपासायला लावीन."

"तपासून काय सांगाल? की औषध मिळायला हवं होतं?"

"तसं असेल तर तेच सांगेन."

बाई "सांगा," म्हणाली. "मला कळलंच पाहिजे."

गुरुवारी प्रणिताला निलंबनाचं पत्र मिळालं. शुक्रवारी वर्तमानपत्रांत बातमी आली आणि योजनेने मिरजेची चाचणी थांबवली. औषध मात्र थांबवलं नाही. सगळ्या वड्या मुंबईच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत हलवल्या गेल्या, तिथे दुसरं प्रतिपिंड होतंच, आणि नऊ दिवसांत नवे निकाल यायला लागले. नऊ दिवस. ज्या भीतीपायी तीन वर्षं तोंड दाबून धरलं होतं, ती नऊ दिवसांची निघाली. हे वाचलं तेव्हा प्रणिता घरी एकटीच होती. तिने वर्तमानपत्र उभं फाडलं, मग आडवं फाडलं, आणि तरी तिचे हात थांबेनात.

महिन्याभराने चौकशी समिती मिरजेत बसली. संस्थेच्याच सभागृहात तिघेजण मंचावर, समोर शंभरेक माणसं. भरतेश आला होता. प्रणिताशी तो त्या रविवारनंतर बोलला नव्हता, पण सुजाताने त्याला आणून तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि तो बसून राहिला.

समितीच्या अध्यक्षांनी केळुसकर मॅडमना विचारलं, "रिकाम्या पेशींवरची पहिली चाचणी तुम्ही नेमकी कधी केली?"

मॅडमनी आपली जुनी वही उघडली. त्यांनी कुठलंही पान फाडलं नव्हतं, हे खरं.

"चौदा ऑगस्ट २०३४," त्या म्हणाल्या. "सोमवार होता. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, म्हणून लक्षात आहे."

"आणि त्या दिवशी तुम्हाला कळलं, की प्रतिपिंड चुकीचं आहे?"

"हो. त्याच दिवशी."

भरतेशने हात पुढे केला, चाचपडत प्रणिताचं मनगट शोधलं आणि धरलं. बोटांना दाब कळत नसल्यामुळे त्याची पकड फार घट्ट बसली.

"चौथी झाली होती," तो पुटपुटला. "चार ऑगस्टला चौथी बाटली. तेव्हा मी वाचत होतो, प्रणू. चौथीनंतर मी वाचत होतो."

समितीचा अहवाल यायच्या आधी, एका शनिवारी सकाळी, केळुसकर मॅडम सांगलीला भरतेशच्या घरी आल्या. कळवून आल्या होत्या, म्हणून त्याने प्रणितालाही बोलावून घेतलं होतं. मॅडम वाळल्या होत्या. रिक्षातून उतरून दोन पायऱ्या चढताना त्यांना धाप लागली. सुजाताने पाणी दिलं नाही. प्रणितानेही उठून दिलं नाही.

"मी वकिलांना न विचारता आलेय," मॅडम म्हणाल्या. "भरतेश, मला तुमची माफी मागायचीय. मी काय केलं ते मला कळतंय."

"नाही कळत," भरतेश म्हणाला. "कळलं असतं तर माफी मागायला आला नसतात. बसा तुम्ही. प्रणू, माझी फाईल काढ. बाटल्यांच्या तारखा आहेत त्यात. पाचवीपासून वाच."

प्रणिताने फाईल काढली.

"पंचवीस ऑगस्ट," तिने वाचलं.

"त्या आठवड्यात मी आठवीला धडा वाचून दाखवला," भरतेश म्हणाला. "दोन्ही हातांनी. काही त्रास नव्हता. पुढची."

"पंधरा सप्टेंबर."

"डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. नर्स म्हणाली, बंद करायचं का? मी म्हणालो, नको, जीव वाचतोय. पुढची."

"सहा ऑक्टोबर."

"'ल' आणि 'र' वेगळे लागेनात. एका ठिपक्याचा फरक असतो मॅडम त्यात. मुलं हसली. मी त्यांना ओरडलो. पुढची."

"सत्तावीस ऑक्टोबर."

"कळावं म्हणून मी इतकं दाबून वाचायचो की ठिपके बसायचे. एका मुलीनं पुस्तक परत आणून दिलं. सर, हे पान पुसलंय, म्हणाली. पुढची."

"सतरा नोव्हेंबर."

"सहामाहीचे पेपर मुख्याध्यापकांनी काढून घेतले माझ्याकडून. मला वाचता येत नाही हे मी सांगितलं नव्हतं. त्यांनाच कळलं. पुढची."

"आठ डिसेंबर."

"उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं राहिलं होतं. त्या एका बोटानं मी दिवसाला अर्धं पान वाचत होतो. मॅडम, त्या दिवशी जरी तुम्ही फोन केला असतात ना, तरी ते बोट आज असतं."

मॅडम खुर्चीचा हात धरून उठल्या.

"पुरे," त्या म्हणाल्या. "मला आता ऐकवत नाही."

"बसा," भरतेश म्हणाला. "अजून दोन आहेत."

त्यांनी प्रणिताकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या मुलीला त्यांनी हात धरून शिकवलं होतं, ती फाईल धरून त्यांच्याकडे सरळ बघत होती, आणि त्या नजरेत दारापर्यंतची वाट नव्हती. मॅडम खाली बसल्या.

प्रणिताने ओळीवर बोट ठेवलं.

"एकोणतीस डिसेंबर," तिने वाचलं.